अनाथ नायकाच्या खिशातली वस्तू

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दहा ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी एक साहसी कादंबरी लिहिली आहे. तिचा नायक अकरा वर्षांचा असून सोलापुरातल्या एका बालगृहात वाढला आहे. त्याच्या गळ्यात आईने ठेवलेले चांदीचे लॉकेट आहे आणि शेवटच्या प्रकरणात त्या लॉकेटमुळेच तो एका जुन्या वाड्याचा वारस असल्याचे उघड होते. आपल्या वर्गातल्या मुलांनी हस्तलिखित वाचले, तेव्हा त्यांना पाठलाग आवडला, भुईकोट किल्ल्याच्या खंदकातला प्रसंग आवडला, पण लॉकेटविषयी एकानेही चकार शब्द काढला नाही. ही वस्तू मुलांच्या मनाला का भिडत नाही आणि तिच्यातून आपलेपणा कसा उमटवावा, असे आपण विचारले आहे.

मुलांच्या पुस्तकांचे संपादन करत मला वीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे आणि अनाथ नायकाची बरीच हस्तलिखिते माझ्या टेबलावरून गेली आहेत. लॉकेट, ताईत, अर्धे तुटलेले नाणे, दंडावरची जन्मखूण, यांपैकी काही ना काही त्यांतल्या बहुतेकांत होतेच. अशा एका हस्तलिखिताचे प्रकरण मी एकदा एका शाळेत सहावीच्या मुलांना वाचून दाखवत होते. नायक दोन दिवसांचा उपाशी होता, स्टेशनबाहेरच्या गाड्यावर भजी तळली जात होती आणि तो गळ्यातली सोन्याची साखळी मुठीत धरून आईला आठवत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून विचारले, “बाई, एवढी भूक लागली होती, तर त्यानं ती साखळी विकली का नाही?” लेखकाने त्या साखळीला भावनेचा भार दिला होता, पण जगातले वजन आणि किंमत दिली नव्हती, हे त्या मुलाच्या लगेच लक्षात आले. मुले वस्तूकडे आधी वस्तू म्हणूनच पाहतात. ती कशाची आहे, केवढ्याला येते, पाण्यात पडली तर बुडेल की तरंगेल, मित्राने मागितली तर द्यायची की नाही, हे त्यांना आधी हवे असते. या प्रश्नांना उत्तर न देणारी वस्तू त्यांच्या लेखी कादंबरीत नसतेच. आपले लॉकेट पहिल्या प्रकरणात एकदा दिसते आणि नंतर थेट शेवटी उघडते. मधल्या सगळ्या पानांत ते सदऱ्याच्या आत पडून आहे. मुले त्याविषयी बोलली नाहीत, कारण बोलण्यासारखे त्याने काही केलेच नव्हते.

पण याहून खोलवरची एक अडचण आहे आणि माझ्या मते खरी चूक तिथे आहे. आपल्याकडे कोणत्याही मुलाला दुकानात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असतो: “कुणाचा रे तू?” मराठीत आपलेपणाची चौकशी नेमक्या याच शब्दांत होते. ज्याला आईवडील आहेत, ते मूल बापाचे नाव सांगून मोकळे होते. बालगृहातले मूल हा प्रश्न ऐकून काय करत असेल, याचा विचार करत मी कितीतरी वेळा बसले आहे. आपली संपूर्ण कादंबरी या एका प्रश्नाचे उत्तर शोधते आहे, असे मला ती वाचताना वाटत गेले, आणि शेवटी लॉकेटने जे उत्तर दिले ते मला स्वीकारता आले नाही. ते उत्तर म्हणते की तू कुणाचा तरी होतासच, फक्त कागदपत्रे हरवली होती. मग त्याच्या शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या, गळ्यात काहीही नसलेल्या मुलांचे काय? आपल्या कादंबरीत त्याच्यासाठी खिडकीची जाळी कापणारा मित्र आहे, ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणारी स्वयंपाकाची मावशी आहे. वाड्याचा दरवाजा उघडतो तेव्हा ही दोघे बाहेरच राहतात. एवढ्या पानांत त्यांनी कमावलेले नाते एका पानात लॉकेट खोडून टाकते.

ओळख पटवणाऱ्या खुणेची परंपरा आपल्या साहित्यात फार जुनी आहे. कालिदासाच्या नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ आहे, म्हणजे ओळखीची खूण. दुष्यंताची अंगठी माशाच्या पोटातून निघते तेव्हा राजाला शकुंतला आठवते. तिथे अंगठी चोख काम करते, कारण दोघांचे नाते आधीच जडलेले आहे आणि अंगठी फक्त विसरलेले परत आणते. टाकून दिलेल्या मुलाची आपली सर्वांत मोठी कथा मात्र कर्णाची आहे आणि ती आपल्या कामाची आहे. जन्माची खूण म्हणून कर्णाजवळ कवचकुंडले आहेत, आणि ती तो वनपर्वातच इंद्राला स्वतःच्या हाताने काढून देतो. कृष्ण त्याला त्याचा खरा जन्म सांगतो ते त्यानंतर, उद्योगपर्वात. म्हणजे कुळाची गोष्ट कुणी त्याच्याशी उघड बोलण्याआधीच कुळाची खूण गेलेली आहे. आणि कृष्ण राज्य देऊ करतो तेव्हा, आपल्याला वाढवणाऱ्या राधेविषयी, कर्ण काय उत्तर देतो? मला पाहताच मायेने राधेला पान्हा फुटला, माझे मलमूत्र तिने काढले, तिला मी कसा सोडू? मलमूत्र काढणारे हात, इतका साधा आणि इतका पक्का पुरावा तो पुढे करतो. कुंतीलाही तो नकारच देतो आणि राधेयच राहतो. अनाथ नायकाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग जवळ ठेवावा असे मला मनापासून वाटते, कारण जन्माची खूण आणि आपलेपणाची खूण या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्यात स्वच्छ दिसते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की वस्तूने मुलाला रक्ताच्या माणसांपर्यंत नेऊ नये. ज्या हातांनी त्याला सांभाळले, त्या हातांपर्यंत तिने त्याला न्यावे. आणि वाटेत तिने काम करावे, म्हणजे कथानकाचा भार ओढावा.

हे कसे करता येईल ते एका वस्तूवर दाखवते. सोलापुरात राहून आपण लॉकेट कशासाठी निवडले, हा प्रश्न मला पहिल्याच वाचनात पडला होता. आपल्या गावाची चादर जेकार्डच्या मागावर विणली जाते. जेकार्ड हे यंत्र फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास त्याच नावाच्या माणसाने आकाराला आणले. नक्षी लक्षात ठेवण्याचे काम त्यात पुठ्ठ्याची कार्डे करतात. असे एक जुने कार्ड मी खूप वर्षांपूर्वी पूर्व भागातल्या एका कारखान्यातून मागून आणले होते आणि ते अजून माझ्याकडे आहे. हाताच्या वितीपेक्षा लांब, दोन-तीन बोटे रुंद, तपकिरी जाड पुठ्ठा. त्यावर गोल भोकांच्या रांगा आहेत, पण रांगा पूर्ण नाहीत, मध्येच भोक आहे आणि मध्येच नाही. कडेला कार्डे दोरीने ओवण्यासाठी वेगळी भोके आहेत आणि एका टोकाला शाईने लिहिलेला क्रमांक आहे. मागावर हे कार्ड सुयांसमोर येते. जिथे भोक असते तिथली सुई पलीकडे शिरते आणि तिच्या हुकाला अडकलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो; जिथे भोक नसते तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो आणि धागा खालीच राहतो. त्या उचललेल्या आणि न उचललेल्या धाग्यांच्या मधून धोटा एकदा जातो, म्हणजे आडवा धागा एकदा पडतो. एका कार्डाचे काम एवढेच. मग पुढचे कार्ड येते. चादरीवरचा मोर किंवा फूल पुरे व्हायला अशी शेकडो कार्डे एकापाठोपाठ ओवलेली लागतात. ती गोल फिरत राहतात आणि नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आता हे एक कार्ड आपल्या नायकाच्या खिशात ठेवून पाहा. बालगृहात आणले गेले तेव्हा ते त्याच्या मुठीत होते, एवढेच त्याला सांगितले गेले आहे. ते काय आहे हे त्याला माहीत नाही. लहानपणी तो ते डोळ्यांसमोर धरून भोकांतून आकाश पाहतो. सात-आठ वर्षांचा झाल्यावर ती गुप्त लिपी असावी अशी त्याची खात्री पटते आणि मित्राबरोबर तो भोके मोजून अक्षरे लावायचा प्रयत्न करतो. कोणतेही मूल हेच करील, आणि वाचणारे मूलही तेच करू लागेल. साहसकथेला लागणारे कोडे इथे आपोआप तयार होते, आणि ते खोटे नाही. कार्डात खरोखरच लिहिलेले आहे, फक्त ते एकट्याने वाचता येत नाही. एका कार्डावरून फार तर एका आडव्या धाग्याची कहाणी कळेल. मोर आहे की कमळ, हे कळायला मागची-पुढची कार्डे हवीत. ‘एकट्याला अर्थ नाही, ओवल्यावर आहे’ हे वाक्य आपल्याला कुठेही लिहावे लागणार नाही. यंत्राच्या रचनेतच ते आहे आणि अकरा वर्षांचा वाचक ते स्वतः काढील. प्रतीक निवडताना मी नेहमी हेच पाहते: वस्तूच्या स्वतःच्या चालीतून अर्थ निघतो आहे की लेखकाने तो बाहेरून चिकटवला आहे? लॉकेटमध्ये फोटो असतो, पण लॉकेट काही करत नाही.

पुढे कथानकही त्यातूनच चालेल. कार्डावर क्रमांक आहे, म्हणजे कार्डांच्या कुठल्या तरी संचात तो क्रमांक नाही. जुने संच रद्दीत निघतात; अशा संचांचा ढीग घेऊन एक टेम्पो संध्याकाळी गावाबाहेर जाणार आहे. पूर्व भागातल्या गल्ल्या, अक्कलकोट रोडचे कारखाने, सिद्धेश्वर तलावाचा काठ, आपण लिहिलेला खंदक, हे सगळे त्या दिवसभराच्या धावपळीत येऊ शकते. आपल्याला पाठलाग उत्तम लिहिता येतो, त्यामुळे या भागाविषयी मी अधिक सांगत नाही.

त्या पाठलागाच्या शेवटी काय सापडावे, हे मात्र नीट ठरवावे लागेल. तिथे आई सापडू नये. आईची चिठ्ठीही नको. मला असे सुचते: मुलगा शेवटी एका घरगुती मागावर पोहोचतो. तिथली म्हातारी कार्ड हातात घेते आणि हसते. अकरा वर्षांपूर्वी दाराशी कुणीतरी तान्हे बाळ ठेवून गेले होते. रात्र झाली होती, पोलीस येईपर्यंत ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती, ते रडायचे थांबेना, म्हणून शेजारी पडलेले एक कार्ड तिने त्याच्या मुठीत दिले, आणि त्याने ते सोडलेच नाही. कायद्याप्रमाणे असे मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीसमोर न्यावे लागते, तसे ते सकाळी गेले. बस्स. ज्याला तो अकरा वर्षे आईचा निरोप समजत होता, तो रडणे थांबवण्यासाठी दिलेला पुठ्ठा निघतो. क्षणभर मुलाला, आणि वाचकालाही, हे ऐकून रिकामे वाटेल. ते रिकामेपण घाईने भरू नका. पण दुसऱ्या दिवशी त्याला कळेल की सापडलेली गोष्ट लहान नाही: ज्या रात्री तो टाकला गेला असे तो मानत होता, त्याच रात्री कुणीतरी त्याला मांडीवर घेतले होते.

त्या म्हातारीला मुले ‘अव्वा’ म्हणतील. सोलापूरच्या तेलुगू घरांत अव्वा म्हणजे आजी, आणि कर्नाटकाकडून आलेल्या कन्नड घरांत तोच शब्द आईसाठी असतो. मराठी बोलणारा आपला नायक तिला अव्वा म्हणेल तेव्हा तो आजी म्हणतो आहे की आई, हे त्यालाही ठरवावे लागणार नाही. अशी देणगी प्रत्येक गावची भाषा देत नाही. आपल्या गावची देते, ती वापरा.

वस्तूच्या हाताळणीविषयी आता थोडे बारकाईने. आपल्या हस्तलिखितात एक वाक्य आहे: “त्याने लॉकेट छातीशी घट्ट धरले आणि आईची माया आपल्याला बिलगली आहे असे त्याला वाटले.” हे वाक्य काढून टाका. भावना वाईट आहे म्हणून नव्हे, तर वाचकाचे काम लेखिकेने करून टाकले आहे म्हणून. त्याऐवजी असे काही लिहिता येईल: “पावसात भिजलेले कार्ड त्याने चड्डीच्या खिशातून काढले. एक कोपरा मऊ पडला होता. मित्राने न विचारता आपला कोरडा रुमाल पुढे केला. त्याने आधी कार्ड पुसले आणि मग डोके.” यात माया हा शब्द नाही, पण तिची जागा दिसते, आणि मित्रही त्या वस्तूत सामील होतो. माझा अनुभव असा आहे की वस्तू जितक्या वेळा दिसेल तितक्या वेळा तिच्यात किंवा तिच्याभोवती काहीतरी बदललेले असले पाहिजे: तिला डाग पडला, ती दुसऱ्याच्या हातात गेली, तिच्याविषयीचा समज खोटा ठरला. काहीही न बदलता ती तिसऱ्यांदा आली, तर ते पान गाळावे.

आणि ती हात बदलत राहावी. याचा सर्वांत चांगला धडा आपल्या सोलापुरात दर संक्रांतीला रस्त्यावर मिळतो. सिद्धेश्वरांच्या, म्हणजेच सिद्धरामेश्वरांच्या, यात्रेतले सात नंदीध्वज, त्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या, पाहा. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह मान्य केला, अशी कथा आहे आणि अक्षता सोहळा त्याच विवाहाचा असतो. पण गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलाला कथा आधी दिसत नाही. त्याला दिसते ती बाराबंदी घातलेल्या माणसाने एकट्याने तोलून धरलेली उंचच उंच काठी आणि ती दुसऱ्याने आपल्याकडे घेताना दोघांनी सांभाळलेला तोल. काठीचे वजन आधी कळते आणि अर्थ मागाहून येतो. कादंबरीतही हाच क्रम ठेवावा.

गोधडीचा मोह मात्र टाळा. आपण मागे तशी शक्यता बोलून दाखवली होती. जुन्या साड्यांचे तुकडे, अनेक माणसे, एकच ऊब, हे सारे खरे असले तरी ते इतक्यांनी इतक्यांदा लिहिले आहे की गोधडी दिसताच वाचक पुढचे वाक्य स्वतःच म्हणतो.

एक गोष्ट आपल्या कादंबरीत आहे आणि तिच्याकडे आपले स्वतःचेच पुरेसे लक्ष गेलेले नाही. चौथ्या प्रकरणात नवे वर्गशिक्षक हजेरीपटावर पूर्ण नाव लिहायला सांगतात आणि नायक मधल्या नावापाशी थांबतो. आपण तो प्रसंग चार ओळींत संपवला आहे. तिथे थांबा. मराठी नावाच्या घडणीतच बापाचे नाव मध्ये बसलेले असते, त्यामुळे प्रत्येक अर्ज, प्रत्येक प्रगतिपुस्तक, परीक्षेची प्रत्येक उत्तरपत्रिका या मुलाला पुन्हा विचारते, “कुणाचा?” हजेरीपट ही या कादंबरीतली दुसरी मोठी वस्तू आहे, आणि ती कार्डाच्या उलट बाजूची आहे: इथेही रकाने आहेत, इथेही एक जागा भरलेली आणि एक रिकामी आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण दिले. ते मिळवायला अनाथ असल्याचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे आपल्याला कुणी नाही हे कागदावर सिद्ध करावे लागते. आपला नायक लहान आहे, त्यामुळे हे त्याच्या वाट्याला अजून आलेले नाही. पण बालगृहातला सतरा वर्षांचा दादा, जो आपल्या कादंबरीत फक्त दोनदा डोकावतो, तो याच कागदासाठी खेटे घालत असेल, कारण अठरा पूर्ण झाल्यावर त्याला बालगृह सोडायचे आहे. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला तो कागद आणि धाकट्याच्या हातात कार्ड, असे दोघे एका पायरीवर बसलेले आपण एकदा दाखवा. दोघांनी त्यावर काही बोलायची गरज नाही.

ही काळजी मी आणखी एका कारणासाठी सुचवते. आपले पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांत जाईल आणि बालगृहांतही जाईल. ते वाचणाऱ्या काही मुलांच्या गळ्यात लॉकेट नसेल आणि त्यांना कुठलाही वाडा सापडणार नाही. नायक वारस निघाल्यावर त्या मुलांना पुस्तक मिटताना काय वाटेल, हे मी हस्तलिखित वाचताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारते. त्याच कारणासाठी बालगृहाचे अधीक्षक नुसते दुष्ट रंगवू नका. अन्याय दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, पण तिथली उसळ, तिथले भांडण, तिथला कॅरमचा तुटका बोर्ड हेही त्या मुलांचे घर आहे.

लॉकेटच ठेवायचे असे आपण ठरवले, तर तेही सुधारता येईल. कथेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास नायकाने ते मित्राच्या औषधासाठी सराफाकडे गहाण टाकावे, आणि सोडवून आणण्याचा प्रयत्न हाच पुढचा पाठलाग व्हावा. मग ते कर्णाच्या कुंडलांच्या जवळपास जाईल. तरीही माझे मत कार्डाच्या बाजूने आहे, कारण त्याचा शेवट मला दिसतो.

अव्वाच्या मागावरचा संच रद्दीतून परत आला आहे. नायकाचे कार्ड घालून तो पुरा करायचा आहे. पण अकरा वर्षे मुठीत, खिशात, उशीखाली राहिलेला पुठ्ठा मऊ झाला आहे आणि सुयांचा दाब तो सोसणार नाही, हे कार्डे पाडणारा कारागीर एका नजरेत सांगतो. तो जुने कार्ड समोर ठेवून, भोकामागून भोक पाहत, कोऱ्या पुठ्ठ्यावर तीच भोके पाडतो आणि तोच क्रमांक घालतो. नवे कार्ड ओवले जाते. माग सुरू होतो. मुलगा फिरणाऱ्या साखळीत आपले कार्ड ओळखायचा प्रयत्न करतो, पण ते इतक्या झपाट्याने येते आणि जाते की त्याला ते ओळखता येत नाही. तेवढ्यात अव्वा त्याला धाग्याच्या कांड्या भरायला बसायला सांगते. स्टूल डुगडुगते. तो हातातल्या जुन्या कार्डाकडे पाहतो, त्याची दोनदा घडी घालतो आणि स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवतो.